पान करपण्याआधीच ऊस उपाशी असतो



लागणीचे दिवस जवळ आले की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, पोटॅश टाकलंच पाहिजे का? युरियाचं पोतं स्वस्त, पोटॅशचं महाग. आणि आपलं रान तर काळं. काळ्या रानात पोटॅश असतंच म्हणतात की." प्रश्न रास्त आहे. ज्याला खिशात हात घालावा लागतो त्याने तो विचारलाच पाहिजे. पण पुष्कळ वेळा त्याच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य येते, "बघू, पानावर काही दिसलं तर टाकू." आजचा लेख या दुसऱ्या वाक्याविषयी आहे. पानावर दिसेपर्यंत थांबणे किती महागात पडते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो, आणि मग उसाच्या आत काय घडते ते पाहू.

एक जुनी चूक

कृषी पदविका घेऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नदीकाठच्या एका गावात एका वयस्कर सभासदाचा आडसाली ऊस होता. गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणू लागलो. ऊस आठ-नऊ महिन्यांचा. खालच्या पानांचे शेंडे वाळलेले, कडा करपून तपकिरी झालेल्या. मी सरीत उतरलोसुद्धा नाही. बांधावरूनच पाहिले आणि सांगून टाकले, "आबा, पाणी कमी पडतंय. पाळी जवळ घ्या."

आबांनी ऐकले. वीज रात्रीची. त्या वयात बॅटरी घेऊन ते रात्री दारं धरीत राहिले. महिन्याभराने गेलो तर करपा आणखी दोन पाने वर चढलेला. ऊस अंगाने बारीक, शेंड्याकडची कांडी आखूड. तोडणी झाली तेव्हा टनेज अपेक्षेपेक्षा बरेच खाली आले. खोडवा तर इतका विरळ फुटला की त्यांनी तो मोडूनच टाकला.

खोडवा मोडल्यावर त्या रानातली माती तपासून घेतली. पालाश 'कमी' या सदरात. चौकशी केली तेव्हा कळले, कित्येक वर्षे त्या रानात युरिया आणि डीएपी यांखेरीज तिसरे खत पडले नव्हते, आणि पाचट दर साली पेटवलेले. रिपोर्ट घेऊन मी आबांकडे गेलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुमी पाणी द्या म्हणालासा, म्या रातचं जागून पाणी दिलं." या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पाणी वाढवल्यावर दुखणे का वाढले, हेही मला ठाऊक नव्हते. पुढे वाचून, विचारून आणि रानोरान फिरून जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

पालाश उसात करते काय?

पोटॅश हे नावच मुळी राखेवरून पडले. 'पॉट' म्हणजे भांडे आणि 'अ‍ॅश' म्हणजे राख. लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवले की खाली जो क्षार राहतो, तो पोटॅश. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली या पोटॅशपासून विजेच्या साहाय्याने एक नवा धातू वेगळा केला, तोच पोटॅशियम. आपण शेतीत त्याला पालाश म्हणतो.

नत्र पानाच्या हिरवेपणात आणि प्रथिनांत बांधले जाते. स्फुरदही पेशींच्या घडणीत जाते. पालाशचे तसे नाही. ते कशाचाच भाग होत नाही, रसात विरघळलेल्या क्षाराच्या रूपात फिरत राहते. तोडणीच्या टोळीत मुकादम स्वतः कोयता चालवीत नाही, पण तो नसला की टोळी हलत नाही. पालाश हा उसातला मुकादम समजा. त्याची तीन कामे आपल्या दृष्टीने मोठी आहेत.

पहिले काम पानावरील बारीक छिद्रांचे. या पर्णरंध्रांतून पान हवा आत घेते आणि त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंस दोन पेशी असतात. त्यांत पालाश शिरले की पाणी शिरते, पेशी फुगतात आणि दार उघडते. पालाश बाहेर गेले की दार मिटते. पालाश कमी असेल तर ही दारे वेळेवर उघडत नाहीत आणि वेळेवर मिटतही नाहीत. असा ऊस ओलीतही तहानलेल्यासारखा दिसतो. आबांच्या रानात मी फसलो तो येथेच.

दुसरे काम पेशीतील विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे. साखर, पिष्ट, प्रथिने घडविणारी साठाहून अधिक विकरे पालाशच्या हजेरीत कामाला लागतात. पालाश अपुरे असले की कच्चा माल पडून राहतो. रसात साखरेऐवजी न जमणाऱ्या शर्करेचा वाटा वाढतो. पानांत साधी, विरघळलेली द्रव्ये साचतात आणि किडीरोगांना आयते अन्न मिळते.

तिसरे काम साखरेच्या वाहतुकीचे. साखर तयार होते पानात आणि साठवायची असते कांड्यात. हवाई बेटांवर कॉन्स्टन्स हार्ट या विदुषीने ऊस आणि पालाश या विषयावर अनेक वर्षे काम केले. किरणोत्सारी कर्बाची खूण लावून पानात झालेली साखर कोठे आणि किती वेगाने जाते, हे त्यांनी उसातच तपासले. पालाश कमी पडलेल्या उसात साखरेची पानातून पुढची वाटचाल मंदावते, असे त्यांनी १९६९ साली दाखवून दिले. ट्रक भरून तयार आहे, पण डिझेल नाही, असा हा प्रकार.

काळ्या रानाचे चार साठे

आता 'काळ्या रानात पालाश असतंच' या बोलण्याकडे वळू. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. जमिनीत पालाश चार ठिकाणी असते. जुन्या काळच्या घरातील धान्याप्रमाणे त्याचा विचार करा.

मातीच्या ओलाव्यात विरघळलेले पालाश म्हणजे ताटात वाढलेले अन्न. मुळाला तेच मिळते, पण ते अगदी थोडे असते. चिकणमातीच्या कणांना वरून चिकटलेले पालाश म्हणजे कणगीतले धान्य. ताट रिकामे झाले की ते चटकन उतरते. मातीच्या पापुद्र्यांमध्ये अडकलेले पालाश म्हणजे पेवातले धान्य. ते निघते, पण सावकाश. आणि खनिजात, दगडात बांधलेले पालाश म्हणजे अजून पिकायचे असलेले धान्य. त्याच्या भरवशावर आज चूल पेटत नाही.

काळ्या जमिनीची कणगी आणि पेव दोन्ही मोठी असतात, म्हणून कित्येक वर्षे काही जाणवत नाही. पण उसासारखे खाणारे पीक दुसरे नाही. हेक्टरी १०० टनांचा ऊस जमिनीतून सुमारे २०० किलो नत्र, ५० ते ६० किलो स्फुरद आणि २७० ते २८० किलो पालाश उचलतो. म्हणजे उसाची सर्वांत मोठी उचल नत्राची नसून पालाशची आहे. एवढे काढून घेऊन परत काहीच टाकले नाही, तर वडिलांच्या वेळचे पेव आपण रिकामे करतो आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

पाटाचे पाणी आणि उपशाचे पाणी

मुळाला पालाश कमी असल्याचे कळते कसे? त्याला डोळे नाहीत, जीभ नाही. तरीही ते फार लवकर कळते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे इमॅन्युएल एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्लीच्या, म्हणजे जवासारख्या पिकाच्या, मुळांवर प्रयोग केले. १९६३ साली त्यांनी दाखविले की मूळ पालाश दोन तऱ्हांनी घेते. आपल्याकडच्या पाण्याचा दाखला दिला तर हे सहज समजेल. पाट भरून वाहत असला की दार उघडायचे, पाणी आपोआप रानात येते, खर्च काही नाही. पाट आटला की विहिरीवर मोटार चालवून उपसा करायचा. पाणी तेव्हाही येते, पण विजेचे बिल येते.

मुळाच्या पेशीच्या कातडीवरही अशी दोन साधने आहेत. जमिनीत पालाश पुरेसे असते तेव्हा साधी दारे उघडली की ते आत येते. पालाश फार थोडे असले तर पेशी उपशाचे पंप बसविते. हे पंप अगदी विरळ पालाशही ओढून घेतात, पण त्याला ऊर्जा लागते. ती ऊर्जा येते कोठून? पानात झालेली साखर जाळून. म्हणजे जी साखर कांड्यात साठायची, तिच्यातली काही मुळाच्या उपशावर खर्ची पडू लागते. बाहेरून बघणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. उसातही अशाच जातीची दारे आणि पंप असल्याचे आता आढळून आले आहे.

मुळाचा सांगावा

दार केव्हा उघडायचे आणि पंप केव्हा सुरू करायचा, हे कोण ठरविते? कालव्यावर पाटकरी असतो. पातळी खाली गेली की तो निरोप धाडतो. मुळातही तसेच आहे, आणि तेथील निरोप्या म्हणजे कॅल्शियम, आपला चुना.

यावरचे बहुतेक प्रयोग अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातील वीतभर रोपट्यावर झालेले आहेत. ते लवकर वाढते आणि प्रयोगशाळेत सांभाळायला सोपे असते. बीजिंग येथील चिनी कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००६ साली निरोपाची ही साखळी उलगडली. बाहेर पालाश कमी झाले की पेशीत कॅल्शियमची हालचाल होते. ती ओळखणारी प्रथिने असतात. ती एका विकराला जागे करतात आणि ते विकर पालाशच्या दारावर खूण करून दार उघडते. पाटकऱ्याने सांगावा दिला, शिपायाने तो पोचवला, आणि दारवाल्याने कुलूप काढले, असा हा क्रम आहे.

पुढे २०२१ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथील शास्त्रज्ञांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखविली. मुळाच्या टोकापासून थोडे वर, आतल्या गाभ्यात, पेशींचा एक ठराविक घोळका असतो. बाहेरचे पालाश कमी होताच जवळजवळ लगेच याच पेशींतील पालाश उतरते आणि येथूनच कॅल्शियमचा निरोप निघतो. जणू मुळाने आपली चौकी तेथे बसविली आहे. या पहिल्या निरोपानंतर इतर निरोपही जातात. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र द्रव्ये मुळात तयार होतात, इथिलीन वायूचे प्रमाण वाढते, मुळावरील केसासारखे बारीक तंतू लांबतात आणि उपशाचे नवे पंप बसविले जातात.

बंधूंनो, यातील अवघड नावे विसरलात तरी चालेल. लक्षात एवढेच ठेवा, की पालाश कमी पडल्याचे मुळाला ताबडतोब कळते. आपल्याला कळते ते काही महिन्यांनी. या मधल्या काळात ऊस काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

घरातील वडीलधाऱ्यांप्रमाणे

मधल्या काळात ऊस काटकसर करतो. दुष्काळात घरातील म्हातारी माणसे आपल्या ताटातली भाकरी नातवंडांना देतात आणि "मला भूक नाही" म्हणतात. उसाची जुनी पाने हेच करतात. पालाश कशात बांधलेले नसते, त्यामुळे ते एका पानातून काढून दुसऱ्या पानात पाठविता येते. ऊस खालच्या पानांतील पालाश काढतो आणि वरच्या कोवळ्या पानांना व शेंड्याला देतो. शेंडा हिरवागार दिसतो. बांधावरून बघणाऱ्याला वाटते, पीक झकास आहे.

यालाच जाणकार 'छुपी भूक' म्हणतात. मुळावर साखर खर्ची पडते आहे, पानातून कांड्याकडे साखर सावकाश जाते आहे, कांडी जरा आखूड, ऊस जरा बारीक. पण पानावर खूण नाही. खालच्या पानांजवळचे सगळे देऊन संपते तेव्हा कुठे त्यांचे शेंडे पिवळे पडतात, कडा करपतात. म्हणून करपलेली कड ही आजाराची सुरुवात समजू नका. घरातील ठेव मोडून, दागिने विकून झाल्यावर माणूस शेवटी उधार मागायला बाहेर पडतो, ती ही वेळ आहे. 'पानावर दिसलं तर टाकू' म्हणणाऱ्या सभासदाच्या टनेजातला आणि उताऱ्यातला काही हिस्सा तोवर गेलेला असतो, आणि मागाहून टाकलेले खत तो परत आणीत नाही.

पाणी वाढवल्यावर दुखणे का वाढले?

आता आबांच्या त्या वाक्याचे उत्तर. मुळाचा उपसा ऊर्जेवर चालतो, आणि ऊर्जा तयार करायला मुळाला श्वास घ्यावा लागतो. भारी जमिनीत पाण्यावर पाणी दिले की मातीतील हवेची जागा पाणी घेते. मुळे गुदमरतात आणि पंप मंदावतो. आधीच पाट आटलेला, त्यात मी मोटारीची वीज तोडली. जमिनीत जे थोडे पालाश होते तेही उसाला घेता येईना.

दुसरा अडथळा युरियाचा. युरिया जमिनीत पडला की प्रथम त्याचे अमोनियम होते. अमोनियम मुळाजवळ दाटले तर पालाशच्या उपशाला अडचण करते. शिवाय नुसत्या नत्राने पाला माजतो आणि जितका पाला तितकी पालाशची मागणी वाढते. ऊस लुसलुशीत दिसतो, लोळतो आणि साखरेत मार खातो. चोपण व खारवट रानांत सोडियम हाही असाच आडवा येतो. तेव्हा माती परीक्षणात पालाश बरे दिसले तरी निचरा नसेल, तर उसाला ते मिळेलच असे नाही. चर काढणे हेही एका अर्थी खत देणेच आहे.

रानात उभे राहून कसे ओळखाल?

बांधावरून नव्हे, सरीत शिरून बघा. आणि कोणते पान आधी बिघडले, जुने की कोवळे, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा.

पालाशची कमतरता खालच्या जुन्या पानांवर दिसते. शेंड्यापासून आणि कडांवरून पिवळेपणा सुरू होतो, पुढे कडा तपकिरी होऊन करपतात, पण मधला भाग बराच काळ हिरवा राहतो. पानाच्या मधल्या शिरेवर, वरच्या बाजूने, तांबूस छटा दिसते. ऊस बारीक राहतो, आणि फार कमतरता असेल तर शेंड्याची पाने जुडी बांधल्यासारखी एकत्र आल्यासारखी दिसतात.

नत्राची कमतरताही जुन्या पानांवर येते, पण तेथे सगळे पानच फिकट होते, नुसती कड नव्हे. लोहाची कमतरता, म्हणजे आपला केवडा, कोवळ्या पानांवर येतो. शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी, पुढे पांढुरकी पडते. पाणी खरोखर कमी असेल तर वरची पानेसुद्धा दुपारी सुरळी होतात आणि संध्याकाळी उलगडतात. अशा वेळी खुरप्याने वीतभर माती उकरून हातात दाबून बघा. ओल असूनही जुन्या पानांच्या कडा करपत असतील, तर पाण्याला दोष देऊ नका. क्षाराच्या रानातही कडा जळतात, म्हणून शंका असेल तेथे माती परीक्षण हाच निवाडा समजावा.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, माती तपासून घ्या, आणि ती लागणीपूर्वी, खत टाकण्यापूर्वी. एका रानात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची, एक फूट खोलीपर्यंतची माती घ्यावी. बांध, उकिरड्याची जागा, झाडाखालची व पाण्याच्या दाराजवळची जागा टाळावी. सारी माती मिसळून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत अर्धा किलो उरवावी. रिपोर्टात उपलब्ध पालाश हेक्टरी साधारण ११० किलोच्या खाली असेल तर कमी, २८० च्या वर असेल तर भरपूर, असे ढोबळ मानाने समजावे. हा आकडा ताटातले आणि कणगीतले पालाश सांगतो, पेवातले नव्हे.

दुसरी गोष्ट, मात्रा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश, आणि आडसालीला ४०० : १७० : १७० अशी आहे. एकराचा हिशेब केला तर सुरूला ४६ किलो आणि आडसालीला ६८ किलो पालाश येते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ३० किलो. सुरूच्या एकराला सुमारे दीड पोते आणि आडसालीच्या एकराला सुमारे सव्वादोन पोती लागतात. यातले निम्मे लागणीच्या वेळी सरीत आणि निम्मे मोठ्या बांधणीला, मातीआड करून द्यावे. माती परीक्षणाप्रमाणे यात कमी-जास्त करता येते.

तिसरी गोष्ट, फवारणीच्या भरवशावर राहू नये. ०:०:५० खताची एक टक्क्याची फवारणी एकरी २०० लिटर पाण्यातून केली, तर २ किलो खत म्हणजे १ किलो पालाश पडते. गरज आहे ४६ किलोची. फवारणी म्हणजे आजाऱ्याला दिलेले सलाईन होय, ते रोजचे जेवण नव्हे.

चौथी गोष्ट पाचटाची. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यातून ७५ ते १०० किलो पालाश जमिनीला परत मिळू शकते. एकराला हे ३० ते ४० किलो झाले, म्हणजे पोटॅशच्या एका पोत्याहून कमी नाही. पालाश पाचटात घट्ट बांधलेले नसल्यामुळे पाण्याबरोबर ते लवकर मातीत उतरते. कोणी म्हणेल, जाळले तरी राखेत पालाश राहतेच की. राहते, हे खरे. पण राख वाऱ्याने उडते, पहिल्या पाण्याबरोबर वाहून जाते, आणि पाचटातील नत्र व सेंद्रिय कर्ब तर धुरात जातात. काडी ओढण्यापूर्वी एकदा पोटॅशच्या पोत्याची किंमत आठवावी.

पाचवी गोष्ट, जास्त म्हणजे चांगले असे समजू नये. ऊस गरजेपेक्षा अधिक पालाशही पिऊन घेतो. ते रसात क्षार म्हणून येते, आणि असे क्षार वाढले की साखरेचे दाणे पडण्यास अडथळा होऊन अधिक साखर मोलॅसिसमध्ये जाते. ज्यांच्या रिपोर्टात पालाश भरपूर आहे त्यांनी शेजाऱ्याचे बघून दुप्पट टाकू नये.

उसाबरोबर गेलेले पालाश

आपल्या देशात पोटॅशची खाण चालत नाही. लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश जवळजवळ सारे परदेशांतून येते. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांना त्यांतील अन्नद्रव्याच्या वजनावर ठराविक अनुदान मिळते, तर युरियाची किंमत सरकार ठरवून देते. त्यामुळे युरिया स्वस्त आणि पोटॅश महाग, हा फरक पडला आणि रानातला तोल बिघडला.

आपल्या रानातून गेलेले पालाश कोठे जाते, हेही सभासदांनी जाणून घ्यावे. ते रसाबरोबर गाळपाला येते, साखरेत जात नाही, मोलॅसिसमध्ये राहते. मोलॅसिस डिस्टिलरीत गेले की स्पेंटवॉशमध्ये उतरते. तो स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळून जी राख उरते, तिच्यापासून १४.५ टक्के पालाश असलेले खत तयार होते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या खताचा अनुदान योजनेत समावेश केला. राखेतून निघालेले पोटॅश पुन्हा राखेतूनच रानात येते आहे. हे खत मिळाल्यास पोत्यावरची टक्केवारी वाचून हिशेब करावा. म्युरेटच्या एका पोत्याइतके पालाश मिळण्यास असली चारांहून थोडी अधिक पोती लागतात. प्रेसमडमध्ये मात्र पालाश थोडे असते, तेव्हा प्रेसमड टाकले म्हणजे पालाश भागले, असे धरू नये.

शेवटी एकच

आपला कारखाना सहकारी आहे. टनेज ज्याचे त्याचे असले तरी उसाचा किमान दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बांधलेला आहे. एकाच्या रानात पालाश नाही म्हणून साखर पानातच अडकली, तर त्याचा भुर्दंड शेजाऱ्याच्या दरातही उतरतो. म्हणून ही प्रत्येकाच्या बांधापुरती गोष्ट नाही.

आबा आज हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव आता ते रान करतात. दर तीन वर्षांनी माती तपासतात, पाचट कुजवितात आणि पोटॅश दोन हप्त्यांत देतात. मधल्या काळात एकदा त्यांनी बोलावले, तेव्हा मी प्रथम सरीत शिरलो, माती उकरली, खालचे पान हातात धरले, आणि मगच तोंड उघडले. आपणांसही माझी विनंती एवढीच, की लागणीपूर्वी मातीचा नमुना गट ऑफिसात आणून द्या. आणि माझ्यासह आमच्या खात्यातील कोणीही बांधावर उभे राहूनच सल्ला देऊ लागला, तर त्याला हाताला धरून खुशाल सरीत घेऊन जा.

आपला,
ऊस विकास अधिकारी